साथीची बातमी आणि भरलेली बॅग: निघण्याआधी, वाटेत आणि परतल्यावर मन ताळ्यावर कसं ठेवायचं

जानेवारी २०२५. उत्तरायण होऊन दहा दिवस झाले होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आत्या जमिनीवर मांडी घालून उंधियूसाठी पापडी निवडत बसली होती, समोर मराठी बातम्या चालू. खाली लाल पट्टी सरकत होती: ‘पुण्यात जीबीएसचं थैमान’. जीबीएस म्हणजे हातापायांतली ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार, आणि संशय तिथल्या पाण्यावर. पुढच्या आठवड्यात आम्हाला पुण्यातल्या धायरीला भाच्याच्या मुंजीला जायचं होतं. तिची अर्धी भरलेली बॅग पलंगावर उघडीच होती. तासाभराने ती उठायला गेली तर उजव्या पायाला मुंग्या. मटकन खाली बसली आणि म्हणाली, “अगं, मला झालं.”

पुणे आमच्यापासून पाचशे किलोमीटरच्या पुढे. तिथलं पाणी तिच्या पोटात जायला अजून आठ दिवस होते. पण मुंग्या खऱ्या होत्या, छातीतली धडधड खरी होती आणि त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, तेही खरंच होतं.

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सहली आणि यात्रा मी गेली पंधरा-सोळा वर्षं ठरवते आहे. मी डॉक्टर नाही. पण निपाह म्हणा, कोविड म्हणा, चांदीपुरा म्हणा, साथीची बातमी आली की माझा फोन वाजायला लागतो आणि पलीकडचा माणूस आजारी नसतो, घाबरलेला असतो. त्या फोनांना उत्तरं देता देता एक पद्धत बसत गेली, ती इथे लिहिते. ‘बातम्या बघूच नका’ हा सल्ला तिच्यात नाही. साथ आली तर तिची माहिती लागतेच. पण बातमी अख्ख्या शहराची असते आणि प्रवास आपल्या चार माणसांचा. एकीवरून दुसऱ्याचा हिशोब मांडायचं काम वाहिनी करून देत नाही, ते घरी बसूनच करावं लागतं.

आधी हे, की बातमी मनात शिरते कशी

१९९४ च्या सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली तेव्हा मी शाळेत होते. सुरत इथून रेल्वेने साधारण १३० किलोमीटर. काही वर्तमानपत्रांनी मृतांचा आकडा शेकड्यांनी छापला, सरकारी माणसं घाबरण्यासारखं काही नाही म्हणत राहिली. खरं कोण बोलतंय ते कळेना, तेव्हा लाखो माणसं मिळेल त्या गाडीने सुरत सोडून निघाली. बडोदा स्टेशनवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं उतरत होती. बाबा टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांसाठी रावपुऱ्यात दुकानांमागून दुकानं फिरले आणि हात हलवत परत आले. परदेशी विमान कंपन्यांनी भारताच्या फेऱ्या थांबवल्या. शेवटी देशभरातल्या मृत्यूंचा आकडा पन्नाशीच्या आसपास राहिला. प्लेग वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांनी बरा होतो, हे तेव्हाही माहीत होतं.

यातली गोष्ट लोक सोयीने अर्धीच सांगतात. छापणाऱ्यांनी वाढवून सांगितलं, हे खरं. पण अधिकाऱ्यांनी झाकून सांगितलं म्हणून वाढवलेल्यावर विश्वास बसला, हेही तितकंच खरं. तेव्हा ‘मीडियाचं काही खरं नसतं’ असं म्हणून मोकळं होणाराही फसतो.

मनाची खोड अशी की जे चटकन आठवतं ते वारंवार घडतं असं त्याला वाटतं. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हे मांडलं. आज पुण्यात लाखो लोक मिसळ खाऊन ठणठणीत घरी गेले, अशी पट्टी कुठलीच वाहिनी चालवणार नाही. व्हेंटिलेटरवरच्या एकाच रुग्णाचं दृश्य मात्र दिवसातून चाळीस वेळा दिसतं आणि मन त्याला चाळीस रुग्ण धरतं. त्यात आजाराचं नाव अनोळखी असलं आणि पुढे काय होईल ते आपल्या हातात नसलं, की भीती दुप्पट. रस्त्यावरच्या अपघाताला आपण भीत नाही, ‘नव्या व्हायरस’ला भितो, ते यामुळेच.

२०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तासांहून जास्त त्याच बातम्या बघणाऱ्या लोकांमध्ये तीव्र ताण, प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळला, असा अभ्यास पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झाला. स्फोट आणि साथ सारखे नाहीत, कबूल. पण आत्याची ती रात्र मला त्या अभ्यासाशिवाय समजली नसती.

आणि शब्द! आम्हा बडोदेकरांना ही मेजवानी दोन भाषांत मिळते. मराठीत ‘थैमान’, ‘विळखा’, ‘शिरकाव’, ‘धडकी’. गुजरातीत ‘कहेर’, ‘फफडाट’, ‘हाहाकार’. या शब्दांत माहिती शून्य असते. मी मंडळातल्या बायकांना सांगते, मथळ्यातला असा शब्द बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. ‘पुण्यात जीबीएसचे आणखी आठ संशयित रुग्ण.’ हे वाचूनही काळजी वाटेल, पण पोटात गोळा येणार नाही.

पहिलं काम: आपला ताप आधी मोजा

बॅग भरायची की नाही हे ठरवण्याआधी आपण ठरवण्याच्या अवस्थेत आहोत का ते बघा. खुणा साध्या आहेत. रात्री जाग आली की हात फोनकडे जातो. दर तासाला तोच शब्द शोधला जातो. तिकीट रद्द करायला अ‍ॅप उघडतं, बंद होतं, पुन्हा उघडतं. घशाला, पोटाला, पायाला काही होतंय का याची झडती चालू राहते. ‘मला काही होणार नाही ना?’ हाच प्रश्न नवऱ्याला, बहिणीला आणि वर दूधवाल्यालासुद्धा.

यातल्या दोन-तीन गोष्टी असतील तर त्या दिवशी काहीच ठरवू नका. जायचं नाही, हेही नाही. घाबरून रद्द केलेल्या तिकिटाने भीती जात नाही, उलट शिकते. पुढच्या वेळी ती स्टेशनपर्यंतही जाऊ देत नाही. एक रात्र मध्ये जाऊ द्या.

दुसरं काम: बातमी सोला

खरी मेहनत इथे आहे. पापडी निवडताना आपण एकेक शेंग उघडून बघतो, आत दाणा आहे, कीड आहे की नुसतंच टरफल. बातमीचंही तसंच करायचं. मी जे प्रश्न विचारते ते पुण्याच्या बातमीवरच लावून दाखवते.

नेमकं कुठे? ‘पुण्यात’ हे उत्तर नव्हे. त्या वेळी रुग्णांचा मोठा गठ्ठा सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात होता: नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी. औंधला किंवा विमाननगरला जाणाऱ्याचा प्रश्न वेगळा. आमचा मुक्काम नेमका धायरीत, त्यामुळे आम्हाला हे उत्तर सोयीचं नव्हतं. तरी ते माहीत असणं बरंच. याउलट २०१४ चा इबोला आठवा. साथ पश्चिम आफ्रिकेत होती आणि लोक केनिया-टांझानियाच्या सहली रद्द करत होते. सिएरा लिओनहून केनियापेक्षा स्पेन जवळ पडतो. स्पेनची सहल इबोलापायी रद्द केलेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

कसा येतो? जीबीएस, म्हणजे गियां-बारे सिंड्रोम, हा स्वतः संसर्गजन्य आजार नाही. एखाद्या संसर्गानंतर आपलीच प्रतिकारशक्ती चुकून मज्जातंतूंवर उलटते. पुण्यात संशय दूषित पाण्यावर होता आणि रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि नीट न शिजलेल्या कोंबडीतून पोटात जातो. या एका उत्तराने अर्धी भीती उतरते, कारण पाणी उकळणं आपल्या हातात आहे. गाडीत शेजारी बसलेल्या पुणेकराच्या श्वासाला भ्यायचं कारणच उरत नाही.

कोणाला होतो? २०१८ च्या मे महिन्यात केरळात निपाह हा वटवाघळांतून येणारा विषाणू आला, सतरा जण गेले. आजार भयानकच. पण लागण झालेले बहुतेक लोक रुग्णाच्या अगदी जवळ राहिलेले, त्यातही पुष्कळ इस्पितळातले. आणि जिल्हे दोन, कोझिकोड आणि मलप्पुरम. आमची मंडळाची सहल मुन्नार आणि अलप्पुळाची, तिथून बरीच लांब. ४१ पैकी ३२ जणांनी नावं काढून घेतली, आगाऊ रक्कमही बुडाली. जे नऊ जण गेले त्यांतल्या एका काकांनी सहा दिवस एक केळं खाल्लं नाही. केरळात जाऊन! वटवाघळाने उष्टावलेलं फळ टाळावं हा सल्ला बरोबर होता. सालासकट आलेलं, आपल्या हाताने सोललेलं केळं त्यात बसत नव्हतं. पण ‘फळं’ आणि ‘वटवाघूळ’ हे दोनच शब्द त्यांच्या डोक्यात राहिले होते.

संशयित की खात्रीचे? आजचे की एकूण? पट्टीवरचा आकडा बहुधा पहिल्या दिवसापासूनची बेरीज असते. ती कमी होऊच शकत नाही, बरे झालेले त्यातून वजा होत नाहीत. रोज वाढणारा आकडा बघून साथ रोज वाढतेय असं वाटतं, प्रत्यक्षात नवे रुग्ण कमी होत असू शकतात. म्हणून आदल्या दिवशीचा आकडा आजच्यातून वजा करायचा, एवढं गणित करायचंच.

कितींमागे? पुण्यातले संशयित रुग्ण पुढे दोनशेच्या वर गेले. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, म्हणजे ढोबळ हिशोबाने पंधरा हजारांत एक. जीबीएस एरवीही वर्षाला लाखात एक-दोन जणांना होतोच. त्या हिशोबाने पुण्यात वर्षभरात तीस ते साठ. तेव्हा एका महिन्यात शंभराच्या वर जाणं ही खरी साथ होती. काही झालंच नव्हतं, सगळा बातम्यांचा फुगा होता, असं म्हणणाऱ्या आमच्या मेहुण्यांना मी हाच हिशोब दाखवला होता.

‘नवा’ म्हणजे किती नवा? त्याच जानेवारीत चीनच्या ‘नव्या’ एचएमपीव्हीने लोकांची झोप उडवली. श्वसनमार्गाला त्रास देणारा हा विषाणू नेदरलँड्समध्ये २००१ साली ओळखला गेला. आपल्याकडेही तो आधीपासून फिरतोच आहे.

आणि नाव कोणाचं? २०२४ च्या जुलैत गुजरातेत चांदीपुराचे रुग्ण सापडले, मुख्यतः लहान मुलं. पुण्याची भावजय फोनवर म्हणाली, “वन्सं, तुमच्या गुजरातच्या त्या व्हायरसमुळे आम्ही या सुट्टीत नाही येत.” चांदीपुरा हे नागपूर जिल्ह्यातलं गाव, १९६५ मध्ये विषाणू तिथे सापडला म्हणून ते नाव. तो मुख्यतः वाळूमाशीच्या चाव्यातून येतो आणि धोका प्रामुख्याने पंधरा वर्षांखालच्या मुलांना. तिची मुलं दोन्ही कॉलेजात. तिला मी एवढंच म्हटलं, “वहिनी, नाव तुमच्याकडचं आहे हो.” गावांची अशी बदनामी टाळायला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या आजारांना जागांची नावं देऊ नका असं सुचवलं, पण जुनी नावं चिकटलीत ती चिकटलीच.

माहिती कुठून घ्यायची, थोडक्यात

राज्याच्या आरोग्य विभागाची आणि त्या महापालिकेची रोजची पत्रकं, केंद्राच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या साप्ताहिक नोंदी, परदेशी जायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या साथींच्या सूचना. आणि जिथे उतरणार त्या घरातलं एक शहाणं माणूस. धायरीच्या ताईने, म्हणजे मुंजीच्या मुलाच्या आईने, फोनवर जे सांगितलं (“आमच्याकडे टँकर येतोय, आम्ही उकळून पितोय, वाड्यात कोणी आजारी नाही”) ते चार वाहिन्या मिळून सांगू शकल्या नव्हत्या.

सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, तेही वाचायचं, बघायचं नाही. रात्री आठनंतर काही नाही. फोनच्या सूचना बंद.

एक गोष्ट बजावून सांगते, नियम आणि बातमी यांची गल्लत नको. बडोद्याहून पूर्व आफ्रिकेत नातेवाइकांकडे जाणारी घरं पुष्कळ. पीतज्वराची (यलो फीवरची) लस हा तिथे बातमीचा विषय नाही, कागदाचा आहे. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. तो नसेल तर परतताना विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. यात मनाला काय वाटतं याला काही किंमत नाही.

तिसरं काम: एक कागद, पाच ओळी

डोक्यात घेतलेला निर्णय दर बातमीला पुन्हा घ्यावा लागतो. कागदावरचा एकदाच. आत्याने तिच्या वळणदार अक्षरात हिशोबाच्या वहीचं पान फाडून लिहिलं होतं, ते जवळपास जसंच्या तसं देते:

१. मुक्काम धायरीला, ताईकडे. तीन रात्री.
२. आजार पाण्यातून येतो. माणसाकडून माणसाला नाही.
३. उकळलेलंच पाणी, माझी स्टीलची बाटली. कार्यालयात बर्फ, सरबत, कोशिंबीर नाही. जेवण गरम.
४. ताईकडे कोणाला जुलाब-ताप आला, किंवा निघताना माझंच पोट बिघडलं, तर जायचं नाही. एरवी जायचं.
५. गुरुवारी संध्याकाळी सातला एकदा बोलायचं. तोवर विषय बंद.

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. कशाने बेत बदलेल ते आधीच लिहिलेलं असलं की बाकीच्या बातम्यांना बेत बदलायचा हक्क राहत नाही. ती खूण आपल्या प्रवासातली हवी. ‘आकडा दीडशे झाला तर’ ही खूण वाईट, कारण तो आकडा कोण, कसा, कुठे मोजतंय यावर आपला काही ताबा नाही. बरोबर गरोदर बाई, तान्हं मूल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारं कोणी असेल तर चौथी ओळ आपण लिहायची नाही, डॉक्टरांना विचारून लिहायची. आणि नाही जायचं ठरलं तर तोही पूर्ण निर्णय आहे. त्यावर महिनाभर हळहळत बसू नये.

कागद फ्रिजवर लागला. आत्या रोज तो वाचायची, मी ऐकायची.

घरच्यांचं काय करायचं

घाबरलेल्या माणसाला ‘उगाच घाबरतेस’ म्हणू नका. त्याने भीती जात नाही, नुसती एकटी पडते. आणि ‘काही होणार नाही’ असं दहा वेळा सांगूही नका. प्रत्येक दिलासा अर्धा तास टिकतो, मग पुन्हा तोच प्रश्न, आणि दिलासा मागायची सवय लागते. मी आत्याला म्हणायचे, “याचं उत्तर कागदावर आहे. वाच बघू.” सुरुवातीला ती चिडली. तिसऱ्या दिवशी स्वतःच उठून फ्रिजकडे जायला लागली.

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एकाच माणसाने आरोग्याची माहिती टाकायची, असं आम्ही ठरवलं. बाकीच्यांनी गुड मॉर्निंगची फुलं टाकावीत, माझी हरकत नाही. मुलांसमोर टीव्ही नको. त्यांना आकडे कळत नाहीत, आपला चेहरा कळतो.

वाटेत

गाडीत बसेपर्यंत बऱ्याच जणांना धीर असतो. अंधार पडला, गाडीत कोणी खोकलं, फोनची रेंज गेली, की मन सैल सुटतं. आत्याचं सुरत येता येता सुटलं. तीच ती सुरत, तिच्याही डोक्यात १९९४ होतंच. ओठांभोवती बधिर वाटायला लागलं, बोटांना मुंग्या, छातीत धडधड. “आता तर हातालाही!”

हे नीट समजून घ्या, कारण जीबीएसच्या बातमीत ते विशेष छळतं. घाबरल्यावर आपण भराभर, वरवर श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच ओठांना, बोटांना मुंग्या येतात. म्हणजे भीती हुबेहूब त्या आजारासारखं लक्षण बनवून दाखवते, ते बघून भीती वाढते आणि श्वास आणखी पळतो. तोडायचं ते श्वासापाशी. चार अंक मोजत नाकाने आत, सहा अंक मोजत सावकाश बाहेर, पाच मिनिटं. पाय जमिनीवर टेकलेले. मी तिच्या पाठीवर हात ठेवून मोजत होते, आणि मधे मधे महाराष्ट्रात शिरल्यावर वडा कुठल्या स्टेशनवर चांगला मिळतो यावर वाद घालत होते. वाद घालणाऱ्या माणसाला जोरात श्वास घेता येत नाही. वापीच्या आसपास ती माझ्यावर खेकसली, तेव्हा मी ओळखलं, बरं वाटतंय हिला.

जाताना कागदातल्या तिसऱ्या ओळीपेक्षा जास्त काळजी घ्यायची नाही, हेही सांभाळा. आजार पाण्याचा असताना दोन मास्क आणि हातांना दर पाच मिनिटांनी सॅनिटायझर, याने संरक्षण वाढत नाही. प्रत्येक वेळी मनाला मात्र ‘धोका आहे, धोका आहे’ असा निरोप जातो. श्वासातून पसरणारा आजार असेल तेव्हा मास्क जरूर, आणि तेव्हा तो नाकावर, हनुवटीवर नाही.

परतल्यावर

याबद्दल फार कमी बोललं जातं. खरं तर बरीच माणसं प्रवासात ठीक असतात आणि घरी येऊन ढासळतात, कारण आता करायला काही उरलेलं नसतं, नुसती वाट बघायची असते. म्हणून वाट कुठवर बघायची ते ठरवून टाका. फ्लूची लक्षणं बहुधा एक ते चार दिवसांत दिसतात, डेंग्यूची चार ते दहा, निपाहची साधारण चार ते चौदा. जीबीएस बहुतेक वेळा आधीच्या संसर्गानंतर सहा आठवड्यांच्या आत. ती तारीख कालनिर्णयवर गोल करायची. तोवर दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी शरीराची विचारपूस. आत्याची वेळ देवपूजेनंतर.

काय बघायचं तेही नेमकं. मांडी मोडून उठल्यावर एका पायाला आलेल्या मुंग्या दोन मिनिटांत जातात. दोन्ही पायांत अशक्तपणा येऊन तो तासागणिक-दिवसागणिक वर चढू लागला, जिना चढवेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर तो मनाचा विषय नाही. त्याच क्षणी १०८ ला फोन आणि इस्पितळ. तिथे श्वास मोजत बसायचं नाही.

लोकांची नजर हा आणखी एक जाच. मुंज वसंत पंचमीला आटोपून आम्ही आलो आणि लगेच रथसप्तमी. एका शेजारणीने आत्याला हळदी-कुंकवाला आत बोलावलं नाही. “पुणेथी आव्यां ने?” (पुण्याहून आलात ना?) म्हणत उंबऱ्यावरच कुंकू लावलं, वाण हातात दिलं आणि दार लोटून घेतलं. प्लास्टिकची गाळणी होती. आत्या ती हातात धरून जिन्यातच उभी राहिली होती. १९९४ मध्ये सुरतेहून आमच्याकडे आलेल्या मामेबहिणीला वाड्यातली मुलं खेळायला घेत नसत. ती अजूनही त्या दिवाळीचा विषय काढू देत नाही.

यावर माझ्याकडे रामबाण नाही. दोन वाक्यं पाठ करून जा एवढंच सांगते: “हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. तरी तुम्हाला काळजी वाटत असेल तर मी पुढच्या महिन्यात येते.” भांडू नका, खुलाशांचं पुराणही नको. आजार खरोखर पसरणारा असेल आणि तुम्ही त्याच्या मुदतीत असाल, तर मात्र शेजारणीचं बरोबर आहे. तेव्हा स्वतःच घरी थांबा.

एवढ्याने भागलं नाही तर

परतून दोन आठवडे झाले तरी झोप नाही, खाणं तुटलंय, रोज नवी तपासणी करून घ्यावीशी वाटते, रिपोर्ट चांगला आला तरी संध्याकाळपर्यंत शंका परत येते, घराबाहेर पडणंच बंद झालंय, धडधड आणि गुदमरण्याचे झटके पुन्हा पुन्हा येतायत. यातलं काही असेल तर कागद आणि श्वास पुरे पडत नाहीत. आपल्या फॅमिली डॉक्टरांना सांगा, त्यांच्याकडून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सयाजी इस्पितळासारख्या सरकारी ठिकाणीही मानसोपचार विभाग असतो. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर एक दिवसही थांबू नका.

टेली-मानस ही मनाच्या आरोग्यासाठीची केंद्र सरकारची मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र. मराठीतही बोलता येतं आणि गुजरातीतही. आत्याने पुण्याला निघायच्या आदल्या रात्री, साडेअकरा वाजता, मला न सांगता तिथे फोन केला होता. मला ते मार्चमध्ये कळलं. वीस मिनिटं बोलली म्हणे, त्यातली पहिली दहा गुजरातीत आणि मग रडू आल्यावर मराठीत.